विज्ञानाच्या बाईंची पानगळ

आष्टीत पानगळीला घरच्या कार्यासारखा मान देणारं माणूस एकच झालं, आणि ते म्हणजे आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. माघ सरत आला की पटांगणातला पिंपळ आणि कडुनिंब पानं टाकायला लागत. तेव्हा बाकीच्यांना झाडू आठवायचा, बाईंना भिंग आठवायचं. पानं जाळायला कुणी काडी काढली तर त्या ढिगासमोर जाऊन उभ्या राहत आणि शिपाई काडी खिशात घालेपर्यंत हलत नसत. त्यांच्या हजेरीपटात पान, बँकेच्या पासबुकात पान, एकदा तर मुख्याध्यापकांकडे दिलेल्या रजेच्या अर्जाला टाचणीनं पान टोचलेलं. एका वर्षी विस्तार अधिकारी तपासणीला आले, तेव्हा पटांगण लख्ख करायचा हुकूम होता आणि बाई आख्खी सातवी घेऊन पाचोळ्यात बसलेल्या. साहेब बूट करकर वाजवत जवळ आले. बाईंनी त्यांच्या हातात पान ठेवलं. "साहेब, देठाचं बूड बघा. पान पडायच्या आधी झाड इथं बारीक पडदा धरतं. जखम आधी बुजवतं, मंग पान सोडतं. वाऱ्याचं नुसतं नाव होतं." साहेबांनी भिंगातून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि शेरा लिहायचं विसरून तीन पानं खिशात घालून परतूरला गेले.

मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. बाई माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या, आणि आवाजानं तर कितीतरी मोठ्या. परिपाठ त्याच घेत, स्नेहसंमेलनाचं निवेदन त्याच करत. त्यांच्या बोलण्यात अशी जरब होती, की चुकीचं बोलल्या तरी लोक पाळत. एकदा मी शिक्षकखोलीत सांगितलं, "बाई, उद्यापासून पाण्याची कपात आहे." त्या वहीतून मान वर न काढता म्हणाल्या, "कपाट आलं का? मंग खिडकीपाशी लावा." आम्ही हसलो. शिपायानं मात्र खिडकीजवळची बाकं हलवून जागा केली आणि दोन दिवस कपाटाची वाट पाहिली.

पुढं असं वरचेवर व्हायला लागलं. घंटा झाली तरी बाई शिकवतच राहायच्या. मागच्या बाकावरून कुणी काही विचारलं तर पुढच्याला उत्तर मिळायचं. एका सोमवारी त्या रजा टाकून जालन्याला गेल्या आणि मंगळवारी मधल्या सुट्टीत आम्हा सगळ्यांना बसवून म्हणाल्या, "कानाच्या डॉक्टरकडं गेल्ते. दोन्ही कानांच्या नसा सुकून राह्यल्यात. मशीन लावली तर काही वर्षं चालेल, मंग तीबी उपयोगाची न्हाई."

त्यांची नोकरी अजून सहा वर्षं होती. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन नांदेडला. शाळा हेच त्यांचं घर होतं. मुख्याध्यापक भला माणूस. ते चाचरत म्हणाले, "बाई, ऑफिसातलं काम घ्या. न्हाईतर मुदतीआधी निवृत्ती घेता येते."

"मुलं मला दिसतात ना," बाई म्हणाल्या. "मंग शिकवणं मी सोडणार न्हाई. दुसरं काय सोडायचं ते लिहून आणलंय."

त्यांनी कागद काढला. फोनवर बोलणं बंद, निरोप लिहून द्यायचा. परिपाठ इंग्रजीच्या सरांकडे. स्नेहसंमेलनाचं निवेदन माझ्याकडे. माईक हातात धरला की मी पाहुण्यांची नावंच विसरतो. मी घाईनं म्हणालो, "बाई, अजून दोन वर्षं तरी तुम्हाला नीट ऐकू येईल."

"दोन वर्षांनी सोडलं तर कुणी हिसकावून घेतल्यासारखं वाटेल, सर. आत्ता मी देऊन राह्यले. यात फरक आहे. वीस वर्षं पोरांना देठ दाखवले, आता माझी पाळी आली."

हे सांगताना त्यांचा आवाज एकदाच हलला, आणि तो त्यांना स्वतःला ऐकू आला असावा, कारण त्या लगेच पाणी प्यायल्या.

मग ओठांवरून बोलणं ओळखायचा अभ्यास सुरू झाला. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी समोर बसायचं, आवाज न काढता वाक्यं म्हणायची आणि बाईंनी ती ओळखायची. पहिल्याच शनिवारी त्या वैतागल्या. "सर, तुमच्या मिशीत सगळी बाराखडी अडकून राह्यली. काढून टाका." बावीस वर्षांची मिशी होती. पुढच्या शनिवारी मी ती काढून गेलो. बायको दोन दिवस माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावत होती. बाईंनी मात्र निरखून पाहिलं आणि नाराजीनं म्हणाल्या, "मिशी गेली तरी प, ब, म सारखेच दिसतात. पाय, बाय, माय, सगळं एकच." मिशी गेली ती गेलीच. पण पावसाळा संपेपर्यंत बाई माझी अर्धी वाक्यं ओळखायला लागल्या, आणि दिवाळीनंतर मी मनाशी पुटपुटलेलंही त्यांना कळायला लागलं, तेव्हा मीच जपून राहू लागलो.

वर्गात त्यांनी नियम घातला: बोलायचं त्यानं हात वर करायचा, उभं राहायचं, बाईंकडे बघायचं, एका वेळी एकानंच बोलायचं. तरीही एक पालक तक्रार घेऊन आले. "बाईला ऐकायला येत न्हाई म्हणतात. मंग आमच्या पोरीनं शंका विचारायची कुणाला?" प्रश्न रास्त होता. बाईंनी त्यांना शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं आणि तास सुरू केला. पाऊण तासानं त्या गृहस्थांनी हात वर केला, उभे राहिले आणि संकोचानं तोंडावर हात धरून काहीतरी विचारलं.

"हात काढा तोंडावरचा," बाई म्हणाल्या.

त्यांनी हात काढला. "कडुनिंब आख्खा उघडा होतो, मंग तेवढे दिवस खातो काय?"

बाईंनी खोडात साठवलेल्या अन्नाबद्दल दहा मिनिटं सांगितलं. बाहेर येऊन ते गृहस्थ मुख्याध्यापकांना म्हणाले, "राहू द्या यांनाच. माझं बोलणं इतकं ध्यान देऊन घरीसुद्धा कुणी ऐकत न्हाई."

सहाच्या सहा वर्षं बाईंनी शिकवलं. तिसऱ्या वर्षी मशीन निकामी झाली, ती त्यांनी पेटीत ठेवून दिली आणि दुसऱ्या दिवशी तास घेतला.

निवृत्तीनंतर मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो गेल्या फाल्गुनात. पाठ करून त्या ओट्याशी चहा गाळत होत्या. शाळेतल्या गमती सांगून झाल्या होत्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत म्हणालो, "बाई, तुमच्यावाचून शाळेत करमत नाही."

त्या कप घेऊन वळल्या, तेव्हा माझं तोंड नुकतंच मिटत होतं.

"काही म्हणलात का, सर?"

"न्हाई. चहा छान झालाय म्हणलं."

बाईंनी हातातल्या कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अजून दिला कुठं तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि समोरची खुर्ची ओढून, माझा चेहरा नीट दिसेल अशा बसल्या.