तबकडीचा पोचा

रेवा, ईशान, हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून चहा घेतला — आणि नाही सांगितलं. तुम्हाला इंग्रजीत लिहिलं असतं तर वाचायला सोपं गेलं असतं, ठाऊक आहे मला. पण ही गोष्ट मी इंग्रजीत एकदा लिहिली आहे, आणि ती खोटी आहे. म्हणून मराठीत. कुठे अडलात तर आईला विचारा. तिलाही कळू दे.

मी पेणहून रोज सकाळच्या गाडीने रोह्याला जायचे, एका कारखान्याच्या ऑफिसात. तिथल्या गच्चीवर एक तबकडी होती, दोन पुरुष उंचीची. पावसाळ्यात फोन आठ-आठ दिवस मुके व्हायचे. ही तबकडी थेट आकाशातल्या उपग्रहाशी बोलायची. पण तिला नियम होते. वर उपग्रह शेजारी शेजारी असतात. आपलं बोलणं आपल्याच उपग्रहाकडे जायला हवं, शेजाऱ्याच्या कानात नाही. त्यासाठी तबकडीचा आकार जसाच्या तसा राहायला लागतो. तिला काही लागलं तर प्रक्षेपण बंद करायचं, वरिष्ठांना कळवायचं, पुन्हा चाचणी करून घ्यायची. या सगळ्याची नोंदवही माझ्याकडे होती. साहेब म्हणायचे, बाईंच्या वहीत डाग सापडायचा नाही. मला ते ऐकायला आवडायचं — फार आवडायचं. तिथूनच सुरुवात झाली का? असेल.

तपासणी यायची होती, आणि तबकडीवर कबुतरांची घाण. मला राहवेना. गच्चीवरची लोखंडी शिडी मीच ओढत नेली, तबकडीच्या कडेला टेकवली. ती घसरली आणि आत आदळली. परातीएवढा पोचा पडला. आवाज मोठा झाला असणार, पण खाली यंत्रं चालू होती. कोणी आलं नाही.

वहीत एक रकाना होता — तबकडीला काही इजा? मी लिहिलं, नाही.

मग मी जनूदादांना बोलावलं. ते हमरापूरचे, गणपती रंगवणारे. एरवी आमच्या कारखान्याच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्या आळीत मूर्तींचे डोळे आखायचं काम त्यांच्याकडे होतं. ज्याचा हात हलत नाही त्यालाच ते देतात. तबकडी बघून ते हसायलाच लागले.

"बाई, एवढ्या पोटाचा गणपती अजून कोणी मागितला नाय. आणि ह्याचं पोट तर आत हाय."

दोन दिवस त्यांनी पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली, रंग दिला. मग मला म्हणाले, "हात फिरवा. घावतो का पोचा?" मी हात फिरवला. खरंच नाही सापडला. तपासणीलाही नाही सापडला.

पण पुट्टी हाताला कळते, लहरींना नाही. लहरी पुट्टीतून आरपार जातात आणि खालच्या पत्र्यावर आपटतात. पोचा होता तिथेच होता. हे मला माहीत नव्हतं का? नियमांचं पुस्तक माझ्याच कपाटात होतं — मीच खुणा केलेलं.

महिन्याभराने उपग्रह चालवणाऱ्यांचं पत्र आलं. आपलं प्रक्षेपण शेजारच्या उपग्रहात घुसतंय, ताबडतोब बंद करा. मुंबईहून इंजिनियर आले. बोटाच्या पेराने तबकडी वाजवत वाजवत गेले. एका जागी आवाज बद्द आला. त्यांनी पुट्टी खरवडली, माझ्याकडे वळले आणि विचारलं, हे कोणी केलं?

मी म्हटलं, "मी जनूदादांना फक्त खालचा सांगाडा रंगवायला सांगितला होता."

एवढंच. पुढचं सगळं त्या वाक्यामागून आपोआप आलं. जबाब घ्यायचा ठरला, आणि तो टाइप करायला इंग्रजी चांगलं असलेली मीच होते. मी लिहिलं की रंगवताना जनूदादांकडून पोचा पडला, आणि त्यांनी तो कोणालाही न सांगता बुजवला. मग त्यांना बोलावलं.

"काय लिवलंय, बाई?"

"तुम्ही सांगितलं तसं काम केलंत, एवढंच."

"मंग द्या." आणि त्यांनी सही केली, सावकाश, जीभ दातांत धरून. दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या यादीतून त्यांचं नाव काढलं.

खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती का? नसती गेली. एक शेरा बसला असता.

त्या वर्षीही ते आमच्या घरचा गणपती घेऊन आले. पाटावर ठेवला, पण बसले नाहीत. फाटकावरच्या माणसाने त्यांना इतकंच सांगितलं होतं की तुमच्या कामाने तबकडी बिघडली.

"बाई, माझी पुट्टी चुकली का? हाताला तर काय घावलं नव्हतं."

ओटीवर आम्ही दोघंच होतो. साहेब नव्हते, वही नव्हती. तेव्हा तरी बोलायचं ना?

"चुकली असेल, जनूदादा," मी म्हटलं.

त्यांनी आपला उजवा हात उलटा करून पाहिला. "व्हय. वय झालं आता."

पुढच्या वर्षी गणपती त्यांची बायको घेऊन आली. मूर्तीचे डोळे वेगळे होते. मी विचारलं नाही, तीच म्हणाली, "आता ते निसते रंग कालवतात. हाताचा भरवसा नाय म्हनतात." तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. मरेपर्यंत त्यांनी पुन्हा डोळे आखले नाहीत.

रेवा, तू एकदा विचारलं होतंस, जुन्या फोटोंतले आपले गणपती जास्त हसल्यासारखे का दिसतात. मी म्हटलं होतं, तेव्हा कॅमेरा वेगळा होता.

त्या जबाबाची प्रत मी घरी आणली होती. ती या पत्रासोबत ठेवते आहे. वरचा मजकूर माझा आहे. खालची सही त्यांची — नीट बघा, एकाही अक्षरात हात हललेला नाही.