जुना रेडिओ विकणे आहे

नवरा गेल्यानंतर घरात बोलणारं कुणी उरलं नाही. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेलेली. मी राहुरीच्या शाळेत शिकवत होते तेव्हा पोरांच्या गोंगाटानं डोकं उठायचं. निवृत्तीनंतर कुकरची शिट्टी हाच काय तो आवाज. लेकीनं मोबाईलवर गाणी घालून दिली होती, पण त्या गाण्यांच्या मधे कुणी बोलत नव्हतं. मला नमस्कार म्हणणारं, वेळ सांगणारं कुणीतरी हवं होतं. म्हणून मी ऑनलाइन जुने रेडिओ शोधायला लागले.

पहिल्या खेपेला फसले. फोटोतली लाकडी पेटी आरशासारखी चमकत होती. पार्सल उघडलं तर पेटी जुनी, पण आत स्वस्तातलं नवं यंत्र बसवलेलं. विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, "मॅडम, सगळे शोभेलाच घेतात. वाजतोय ना?" मी फोन ठेवून दिला.

मग जरा शहाणी झाले. समोरच्या फोटोवर भुलायचं नाही, मागचं झाकण काढून आतला फोटो मागायचा. वायर कुठं कुरतडलीय का, बटणं मूळची आहेत का, विचारायचं. वाजतानाचा व्हिडिओ बघायचा, आणि वस्तू जवळपासची असेल तर आगाऊ पैसे न पाठवता स्वतः जायचं. खरं सांगायचं तर या चौकशांमध्येच माझे दिवस जायला लागले. अनोळखी का होईना, माणसं उत्तरं द्यायची.

श्रीरामपूरच्या एका बाईंची जाहिरात दिसली. पेटीचं पॉलिश एका कोपऱ्यात उडालंय, एक बटण नंतर बसवलंय, हे त्यांनी आपणहून लिहिलं होतं. मी व्हिडिओ मागितला. त्यात बराच वेळ काही वाजेचना. मग मागून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "घाई करू नगं, पोरी. तापू दे त्याला." आणि हळूहळू खरखर, खरखरीतून गाणं.

तो व्हिडिओ मी किती वेळा लावला! गाण्यासाठी नाही, त्या आवाजासाठी.

दुसऱ्याच दिवशी एसटीनं श्रीरामपूरला गेले. बाईंनी दार उघडलं. रेडिओ त्यांच्या सासऱ्यांचा, आण्णांचा होता. साखर कारखान्यात नोकरी झालेली, आता कानाला यंत्र. घर रिकामं करून सगळे पुण्याच्या फ्लॅटवर निघाले होते. सामान बांधून दाराशी ठेवलेलं.

"तिथं जागाच नाही हो, काकू," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आण्णाच म्हणाले, विकून टाक."

आण्णांनी रेडिओ लावून दाखवला. काटा फिरवत त्यांनी विचारलं, "घरी कोन कोन हाय?"

"मी एकटीच."

"मग रोज लावत जावा. पडून ऱ्हायला की बिघडतोय." त्यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "बाई, एक इचारू? कधी सकाळी लावला तर फोन कराल का? फोन रेडिओच्या पुढ्यात धरा. मला लई न्हाई, एखादं गानं पुरं."

रेडिओ घरी आणला. दर रविवारी सकाळी मी फोन लावायची आणि रेडिओसमोर धरायची. गाणं संपलं की ते म्हणायचे, "वाजतोय चांगला." मग पुण्याच्या लिफ्टविषयी, खिडकीतून नुसत्या भिंती दिसतात त्याविषयी थोडं बोलायचे. मी त्यांना इकडचं सांगायची: मुळा धरणात पाणी किती आलं, पेरू कसे लागलेत. आठवडाभर मी त्या दोन गोष्टी जमवून ठेवायची.

पुढं पुढं ते कमी बोलायला लागले. एका रविवारी त्यांनी विचारलं, "कोन बोलतंय?" मी सांगितलं. "व्हय का," म्हणाले, पण ओळख पटली नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारी सुनेनं फोन घेतला.

"काकू, वाईट वाटून घेऊ नका. आवाजानं त्यांना त्रास होतो आता. कुठं आहोत तेच कळत नाही, मग रडतात."

"बरं," मी म्हटलं. "जपा त्यांना."

फोन हातात धरून बसून राहिले. रेडिओवर बातम्या चालू होत्या, त्या मी बंद केल्या. पुढचे काही दिवस रेडिओ लावलाच नाही. मग एका सकाळी, भाजी निवडता निवडता, उठून लावला.