नाल्यावरचं स्वयंपाकघर

आमच्या घरात पाणी पुढच्या दारानं कधी आलं नाही. माधवगंजातल्या बाकीच्या घरांत ते गल्लीतून शिरायचं, म्हणून लोक उंबऱ्याशी मातीचा बांध घालत, पोती रचत. आमच्याकडे ते मागून, स्वयंपाकघराच्या जमिनीतूनच वर यायचं. आधी चुलीजवळच्या फरश्यांच्या सांध्यांतून बुडबुडे निघत, मग काळी ओल पसरे, आणि कोपऱ्यातली रिकामी भांडी हलू लागली की सासूबाई म्हणत, "उचला गं." मग गव्हाची कोठी विटांवर, देव फडताळात, अंथरुणं माळ्यावर. पाणी ओसरल्यावर दोन दिवस घर धुण्यात जायचे. नाल्याचं पाणी चुलीला लागलेलं, त्यामुळे सोवळं पाळणाऱ्या सासूबाईंना ते धुणं पुरेसं कधीच वाटत नसे.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आले तेव्हा इथली मराठी ऐकून मला हसू यायचं. इथं पाऊस पडत नसे, 'पाणी गिरून राहिलं' असे. पावसाळ्याला बरसात आणि आळीला मोहल्ला. पुढं मीही तसंच बोलू लागले. घरात सासूबाई आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, ते दरबारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. आणि हे, गोरखीच्या बाजूला एका शाळेत मास्तर. थोरली नणंद उज्जैनला दिलेली. तिला मी वन्सं म्हणायची.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्याच बरसातीत वन्सं पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या. श्रावणातला दिवस होता. सकाळपासून धार लागलेली आणि दुपारी त्यांना कळा सुरू झाल्या. दाई जयेंद्रगंजात राहायची. हे तिला आणायला निघाले, पण गल्लीच्या तोंडाशी पाणी छातीला लागलं तसे परत फिरले आणि लांबच्या वाटेनं गेले. दाई पोचेपर्यंत उशीर झाला होता. मुलगा होता. तो पाण्यामुळे गेला असं कोणी म्हणालं नाही, आणि पाण्यामुळे नाही असंही कोणी म्हणालं नाही. मला आठवतं ते एवढंच, की सासूबाई पलंगाशेजारी उभ्या राहून घमेल्यानं पाणी भरत होत्या आणि खिडकीतून बाहेर टाकत होत्या, आणि टाकलेलं पाणी खालून परत घरात येत होतं.

पुढं एक-दोन वर्षं गेली. महायुद्ध सुरू व्हायला अजून अवकाश होता. ह्यांनी शाळेतून बातमी आणली, की शहराच्या पावसाच्या पाण्याचा निकाल लावायला दरबारानं बाहेरून दोन इंजिनिअर नेमलेत. मोहल्ल्यात कुणाचा फारसा विश्वास बसला नाही. समोरचे वैद्य म्हणाले, "नकाशे काढतील, आणि पुढल्या बरसातीत नकाशेही वाहून जातील." पण थंडीच्या दिवसांत खरोखरच माणसं दिसू लागली. तिपाईवर दुर्बीण लावलेली, लांब एक जण रंगाचे पट्टे मारलेली उंच काठी धरून उभा. दोघांतले थोरले इंजिनिअर पंजाबी होते, ते कचेरीतच जास्त असत. धाकटे पुण्याचे, तिशीच्या आतबाहेरचे. गल्लीतली घरं बघायला तेच यायचे.

आमच्याकडे आले तेव्हा मामंजींनी त्यांना ओटीवर बसवलं. त्यांनी विचारलं, "काका, तुमच्याकडे पाणी साधारण किती चढतं?"

"फार नाही. पावलं भिजतात," मामंजी म्हणाले.

सासूबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांनी मला हळूच पुढं ढकललं. "अगं, दाखव त्यांना."

मी पदर सावरून त्यांना माजघरात नेलं, मामंजीही मागोमाग आले. भिंतीवर गुडघ्याच्या वर एक तपकिरी रेघ होती. दर दिवाळीला चुना लावला तरी ती पुन्हा उमटायची. त्यांनी ती रेघ बघितली, मामंजींकडे मात्र बघितलं नाही, ते मला बरं वाटलं.

"आणि येतं कुठून?"

"चुलीखालून," मी म्हणाले.

ते स्वयंपाकघराच्या दाराशी उकिडवे बसले आणि हातातल्या काठीनं आतली फरशी ठोकली. पोकळ आवाज आला. "हे बांधकाम कधीचं, काका?"

"माझंच आहे. रीतसर परवानगी काढून केलंय," मामंजी म्हणाले. "खाली पूर्वी नाला होता. त्याला घाण वास मारायचा. मोठ्या दगडी पाटिया टाकून बंद करून टाकला."

"नाला बंद नाही झाला," ते शांतपणे म्हणाले. "त्याचं तोंड दाबलं गेलंय. मागच्या टेकडीवरून उतरणारं सगळं पाणी इथवर येतं. पुढं जायला वाट नाही, म्हणून वर येतं. आधी तुमच्या घरात, मग गल्लीभर."

मामंजींनी इंजिनिअरांना चहा पाजला आणि दारापर्यंत पोचवलं. पण त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती, ती नंतर कळली. ते स्वयंपाकघर मामंजींनी सासूबाईंसाठी बांधलं होतं. त्या नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा चूल माजघरात, अंधारात होती. धुरानं त्यांचे डोळे सारखे सुजायचे. म्हणून मामंजींनी मागं दोन खिडक्यांचं, धुराडं असलेलं स्वयंपाकघर काढलं. मोहल्ल्यात तसं दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. त्यामुळे जेव्हा म्युनिसिपालिटीकडून निरोप आला, की नाला मोकळा करून रुंद बांधायचा आहे आणि त्यासाठी मागचं स्वयंपाकघर पाडावं लागेल, तेव्हा मामंजी सरळ नाही म्हणाले. पगडी घालून कचेरीत गेले, सोबत हेही होते. थोरल्या इंजिनिअरांनी त्यांना खुर्ची दिली आणि नकाशा पसरून समजावलं. ह्यांनी घरी येऊन त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "देखिए साहब, नाला यहीं से सीधा जाए तो पूरे मोहल्ले का पानी निकल जाएगा. घुमाकर ले गए तो ढलान नहीं बचेगी. पर आपके घर को हम आपकी मर्ज़ी के बिना हाथ नहीं लगाएँगे."

मामंजींनी मर्जी दिली नाही. काम आमच्या घराच्या अलीकडे येऊन थांबलं. शेजारी तोंडावर काही म्हणत नसत, पण समोरच्या वैद्यांनी ओटीवर येऊन बसणं बंद केलं.

होळीच्या सुमाराला उज्जैनहून जावई आले. वन्संना पुन्हा दिवस गेले होते, श्रावणाच्या आसपास बाळंत होणार होत्या. सासूबाईंनी जावयांना गुझिया, म्हणजे इकडच्या करंज्या, वाढल्या आणि मग विचारलं, "मग माहेरी कधी पाठवताय?"

जावयांचा हात ताटावरच थांबला. "आई, या खेपेला ती तिकडेच राहील म्हणतेय. आमच्या घरून ना नाही. तीच नको म्हणते."

"काय म्हणाली? तिच्याच शब्दांत सांगा."

जावई अवघडले. मग खाली बघत म्हणाले, "म्हणाली, त्या घरात मी पुन्हा पाण्याचा आवाज ऐकत पडणार नाही."

सासूबाईंनी मान हलवली, आग्रह करून आणखी एक गुझिया वाढली, पोटभर जेवू घातलं. जावई दुसऱ्या दिवशी गेले. त्या संध्याकाळी मी देवाशी दिवा लावत होते. मामंजी माजघरात पाटावर बसलेले. सासूबाई त्यांच्या समोर येऊन बसल्या. एरवी त्या कधी अशा समोर बसत नसत.

"ते स्वयंपाकघर आपण माझ्यासाठी बांधलंत ना?"

"हो."

"म्हणजे ते माझं. मग मी ते देते."

मामंजींनी माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पुन्हा या अंधारात चूल मांडणार? डोळे जातील तुझे."

"जाऊ देत. लेक घरी यायला हवी."

एवढंच बोलणं झालं. सकाळी मामंजी एकटेच कचेरीत जाऊन होकार सांगून आले.

चूल सासूबाईंनी स्वतः विझवली आणि तिची माती टोपलीत भरून माजघरात आणली. पाडायचं काम सुरू झालं तेव्हा मामंजी घरात थांबले नाहीत, दिवसभर देवळात जाऊन बसले. पाटिया उचलल्या आणि खालचं दिसलं. नाला असा उरलाच नव्हता. वरच्या दगडापर्यंत घट्ट गाळ, विटांचे तुकडे, चिंध्या, कुणाची तरी मोडकी खाट. वास असा की आम्ही नाकाला पदर लावूनच वावरत होतो. मामंजी संध्याकाळी परत आले आणि काठाशी उभे राहून ते बघत राहिले. मी दिवा घेऊन गेले तर म्हणाले, "इतकं साचलं असेल असं वाटलं नव्हतं." दुसऱ्या दिवसापासून ते देवळात गेले नाहीत.

त्यानंतरचा उन्हाळा मला धुराचा आणि छिन्नीच्या आवाजाचा आठवतो. माजघरात स्वयंपाक करताना डोळ्यांतून पाणी यायचं. आम्ही सासवासुना एकमेकींकडे बघून हसायचो, कारण दोघी रडवेल्याच दिसायचो. मागं दगडी भिंतींचा रुंद नाला वर येत होता, या वेळी वरून उघडा, काठाला बुटका कठडा, म्हणजे गाळ काढता यावा. मामंजी छत्री घेऊन तिथंच बसलेले. पुण्याचे इंजिनिअर आले की म्हणायचे, "उतार बरोबर आहे ना? एक बादली ओतून दाखवा." मग बादली ओतायची, आणि पाणी सुरकन खाली गेलं की त्यांचा चेहरा खुलायचा. पहिल्यांदा इंजिनिअरांना हे जरा जड गेलं असावं. पुढं ते आले की स्वतःच बादली मागवू लागले.

गल्लीच्या खालच्या अंगाला काम पुन्हा अडलं. तिथं दोन दुकानांचे ओटे नाल्यावर आलेले होते आणि दुकानदार ऐकेनात. मामंजी त्यांच्याकडे गेले, काठी टेकत. वैद्यही सोबत गेले. काय बोलणं झालं मी ऐकलं नाही. हे म्हणाले, "बाबा इतकंच बोलले की भाई, मी रसोई दिली, तुम्ही ओटा द्या." ओटे निघाले. वैद्य पुन्हा आमच्या ओटीवर येऊन बसू लागले.

ज्येष्ठ संपता संपता हे उज्जैनला जाऊन वन्संना घेऊन आले. नाला बांधून झालाय हे ऐकून त्या आल्या खऱ्या, पण चेहरा घट्ट होता. आल्या आल्या त्यांनी स्वतःची ट्रंक फळीवर ठेवायला लावली.

आषाढात एक दिवस सकाळीच आभाळ काळं झालं आणि जेवणाच्या आधी धार सुरू झाली. आम्ही नेहमीसारखं सगळं उचललं. विश्वास ठेवायचा म्हटलं तरी हात ऐकत नव्हते. वन्संना पलंगावर बसवलं. मामंजी मागच्या दारात छत्री उघडून उभे, आणि मी त्यांच्या मागं. टेकडीवरचं पाणी आलं ते तांबडं, फांद्या-पाचोळा घेऊन, मोठ्यानं घुमत आलं. भिंतीच्या खालच्या दगडांवरून वर चढू लागलं. मी सारखी मागं वळून माजघराच्या फरशीकडे बघत होते.

इतक्यात पुण्याचे इंजिनिअर आले. नखशिखान्त भिजलेले, टोपी हातात. सरळ कठड्याशी गेले, वाकून बघितलं.

"अजून चढेल?" मामंजींनी विचारलं.

"चढेल थोडं. जागा आहे," ते म्हणाले. पण त्यांचा हात कठड्यावर घट्ट आवळलेला होता, तो मला दिसला.

पाणी आणखी चढलं, कठड्याच्या बरंच खाली थांबलं, आणि तसंच धावत राहिलं. गल्लीतून वैद्यांची हाक आली, "अहो, सडक दिसून राहिलीय. पाणी साचतच नाहीये." मामंजींनी छत्री मिटली. पाऊस चालूच होता, तरी मिटली, आणि भिजत उभे राहिले.

वन्सं भिंत धरून दारापर्यंत आल्या होत्या. "आवाज तर येतोच आहे," त्या म्हणाल्या.

"येऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "बाहेरचा आहे."

वन्संनी खाली बघितलं. पायाखालची फरशी कोरडी होती. त्या तिथंच, फरशीवर, हळूहळू बसल्या आणि रडू लागल्या. सासूबाईंनी त्यांना उठवलं नाही, त्यांच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या शेजारी बसल्या. मी चूल पेटवली, पिठलं-भात टाकला. इंजिनिअर ह्यांचं कोरडं धोतर नेसून आमच्या पंगतीला जेवले आणि शेवटचा घास तोंडात असतानाच उठले. त्यांना दुसऱ्या मोहल्ल्यांत जायचं होतं, तिथलं काम अजून अर्धं होतं. ते अर्धंच राहिलं. पुढं युद्ध आलं, दोघे इंजिनिअरही गेले, आणि शहराचे काही भाग तसेच तुंबत राहिले. आमचा मोहल्ला मात्र सुटला.

वन्सं श्रावणातच बाळंत झाल्या. त्या दिवशीही पाऊस होता. दाई टांग्यातून थेट दारात उतरली, वहाणा काढून आत आली आणि कामाला लागली. मुलगी झाली, ठणठणीत. दुपारी मी माजघरात पाहिलं तर सासूबाई भिंतीला टेकून झोपल्या होत्या. बाहेर पाणी गिरत असताना त्यांना झोपलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. भांडी घासायची राहिली होती, ती मी तशीच राहू दिली.