दारावरचा गेरू

ओल्या गेरूचा वास आला की माझ्या डोळ्यांपुढे दारंच दारं उभी राहतात... सारवलेल्या भिंतींतली ठेंगणी, निळी दारं, आणि त्यांवर बाबांच्या हातचे वळणदार तांबडे आकडे.

बाबा गौतमपुऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात मास्तर होते. आई आणि मी इंदूरला, कृष्णपुऱ्यात. पण उन्हाळ्याची सुट्टी लागली रे लागली की मी त्यांच्याकडे धूम ठोकायचे. त्या वर्षी जनगणनेचं काम त्यांच्या गळ्यात पडलं आणि गेरूचा डबा धरायचा मान मला मिळाला. काय ऐट होती माझी!

वाट दाखवायला भेरूकाका कुंभार असत. एकेक उंबरा ओलांडला की आतून माणसं निघतच राहायची — आज्या, सुना, पाळण्यातलं पोर, कोपऱ्यात खोकणारा कुणीतरी म्हातारा. बापरे, एवढ्याशा गावात इतकी माणसं मावली तरी कशी! पटेलांचा ऐसपैस चौक, गवळ्यांकडचा तापल्या दुधाचा वास, भट्टीचा धूर... आणि ओढ्यापलीकडे वेगळ्या विहिरीवर पाणी भरणारी घरं. ती विहीर वेगळी का, असं मी विचारलं तेव्हा बाबा गेरूत ब्रश बुडवून पुढच्या दाराकडे वळले.

शेजारचं गावही बाबांकडेच होतं. भर दुपारी, घशाला कोरड पडलेली असताना आम्ही तिथे पोचलो. आमच्या गावच्या गवळ्यांची लेक गेंदी तिथे दिलेली. ती धावत लोटा घेऊन आली. बाबा आणि मी घटाघटा प्यायलो. भेरूकाकांनी मात्र लोट्याला हात लावला नाही. झोळीतून तिच्यासाठी आणलेलं छोटं मडकं काढलं, तिच्या हातात ठेवलं, डोक्यावरून हात फिरवला.

"बेटी का गाम को पाणी नी पियां, माट्साब."

"अहो, पण ती गवळ्यांची. तुमची कुठे?"

"गाम की तो हे!"

आणि तो माणूस सुकल्या ओठांनी, रणरणत्या उन्हातून आपल्या शिवेतल्या विहिरीपर्यंत चालत आला. मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. नातं असंही असतं?

त्या संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, "माझंही नाव इथेच लिहा ना."

"वेडाबाई, तुझं नाव इंदूरला लागणार. तू इथली नाहीस."

मला रडूच कोसळलं. त्या गावाची व्हायचं होतं हो मला, अगदी जिवापासून! पुढे बाबांची बदली झाली, आणि गाव सुटलं ते सुटलंच... आता बाबाही नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात तुकोगंजातल्या माझ्या सासरच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात भेरूकाका! पार वाकलेले, जवळच्या दवाखान्यात डोळे दाखवायला आलेले, माट्साबची छोरी कुठे राहते असं विचारत विचारत इथवर पोचलेले. काखेत पंच्यात गुंडाळलेला नवाकोरा माठ. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि डोक्यावरून हात फिरवला. तीन जिने चढून त्यांना धाप लागली होती, ओठ पांढरे पडले होते. मी आत पळाले, पाण्याचा ग्लास भरून आणला आणि त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी हात जोडले.

"नी, बेटा. नीचे जाके पी लूंगा."

मी ग्लास धरून तशीच उभी राहिले, आणि मला लहानपणीसारखं रडू कोसळलं.