मार्क टूचं नवं तोंड

मामांची टॅक्सी म्हणजे अँबॅसिडर मार्क टू होती. त्या गाडीची वंशावळ मला तोंडपाठ होती आणि ती मी कुणी न विचारता ऐकवायचो. टूच्या जाळीला बारीक चौकडी, थ्रीला आडव्या पट्ट्या, फोरला पुढे चौकोनी दिवे. बाकी तेच गोलमटोल अंग, तोच सोफ्यासारखा पुढचा बाक. पिढ्या बदलल्या तरी पोट तेवढंच. अगदी आमच्या घराण्यासारखं.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा पावसाने पाठ फिरवली होती. टॅक्सीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. नव्या कचेरीला मात्र भाड्याने गाड्या हव्या होत्या. अट एकच, मॉडेल नवं पाहिजे. हे काम हुकलं तर मामांना गाडी विकून दुसऱ्याच्या ट्रकवर बसावं लागणार होतं. मी बी.ए. होऊन रिकामा, त्यामुळे सल्ला माझाच: गाडीचं तोंड बदलू.

नांदेडच्या गॅरेजवाल्या उस्तादांनी फोरची जाळी आणि दिवे बसवून दिले. "ढांचा वहीच है मियां, सिर्फ मूंछ बदली," असं म्हणून त्यांनी बॉनेटवर हात फिरवला. पाठ मात्र टूचीच राहिली. लातूरला रुजू होणारे एक साहेब नांदेड स्टेशनवर उतरणार होते. त्यांना आणायचं, हीच गाडीची परीक्षा.

गाडी भिंतीला पाठ लावून उभी होती. साहेबांनी समोरून पाहिली, मान डोलावली आणि ते डिकीकडे निघाले. मी झडप घालून त्यांची बॅग घेतली आणि ती मांडीवर घेऊन पुढे बसलो. डिकीत तशी जागाही नव्हती. त्या दिवसांत नांदेडहून परतणाऱ्या टॅक्स्या डब्यांत पाणी भरून आणायच्या आणि वाटेतल्या कोरड्या गावांत उतरवायच्या. मामांनी सवयीने डबे भरून ठेवले होते.

लोह्यापुढच्या एका फाट्यावर मामांचा हात, सवयीनेच, हॉर्नवर गेला. बाभळीखालून बायका घागरी घेऊन धावल्या आणि गाडीचं तोंड पाहून थबकल्या. सरकारी गाडी. साहेब उतरून विचारू लागले, टँकर येतो का, विहिरीला पाणी आहे का. सगळ्या नुसत्या "हाव साहेब" म्हणत राहिल्या. एक म्हातारी तेवढी वळसा घालून मागे गेली आणि तिने डिकीवर थाप मारली.

"अगं या, आपल्या भाऊचीच हाय. नुसतं तोंड रंगवून आणलंय."

झालं, पडदा पडला. मी बॅगेमागे लपलो. बायकांना मात्र कंठ फुटला. टँकर फाट्यावरूनच वळतो, विहीर गाळाने भरलीय, गाळ काढला तर झरा लागंल. बोलत होत्या मामांशी, ऐकत होते साहेब.

मग साहेब म्हातारीशेजारी जाऊन मागचे दिवे निरखू लागले. मामांनी खालच्या मानेने कबूल केलं, "पाठ जुनी हाय साहेब. इंजन लई चांगलं हाय."

"मी समोरून पाहिली. नवं मॉडेल आहे," साहेब कमालीच्या गंभीरपणे म्हणाले. "उद्यापासून कचेरीत या. आधी ती विहीर दाखवा."

म्हातारी मागच्या सीटवर ऐसपैस बसली, घागर साहेबांच्या मांडीवर ठेवून. मामांनी गाडी शेताच्या वाटेला घातली.