दगडी हातातली पिशवी

सासऱ्यांची औषधं आणि भाजी घेऊन परतताना तळ्याकाठच्या नव्या शिल्पबागेत सहज शिरले. पहिली चार शिल्पं मला काही कळली नाहीत. एकाकडे तर मी चक्क मागूनच बघत होते, हे नंतर लक्षात आलं. पाचव्यापाशी मात्र थबकले. काळ्या दगडातली बाई, चेहऱ्याच्या जागी नुसती गुळगुळीत गोलाई, एक हात पुढे केलेला आणि त्या हाताला खरीखुरी कापडी पिशवी अडकवलेली. मला एकदम सगळं समजलं! बाईचा अख्खा जन्मच पकडलाय की हो शिल्पकारानं! माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात बाग झाडणाऱ्या मावशी आल्या आणि त्यांनी ती पिशवी काढून घेतली.

"माझा डबा हाय, ताई. खाली ठेवला की मुंग्या लागतात."

आता तो रिकामा हात काय म्हणत होता? मागत होता, देत होता, की थांब म्हणत होता? आणि मघाशी मी रडले ती कशासाठी? मावशींच्या डब्यासाठी? काहीच ठरवता येईना. मी आपली माझी जड पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मावशींनी ते पाहिलं. "अडकवा की तिच्या हाताला," त्या म्हणाल्या. "तिला सवय हाय."

मी पिशवी उचलली आणि तशीच उभी राहिले. दगडाच्या हातात ओझं द्यायला मला संकोच वाटत होता. माझ्या हातात देताना असं कधी कुणी थांबलं होतं का, ते मात्र काही केल्या आठवेना.