खंडेनवमीला बसवलेली सुरी

सुरीचा डबा उघडला तेव्हा आमच्या ह्यांनी चष्मा लावला, किंमत वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

"एवढ्यात गुरुद्वाऱ्याकडच्या गल्लीत तलवार येती," म्हणाले, "म्यानासकट."

"तलवारीनं भेंडी चिरता येते का बाबा?" आमची सून म्हणाली.

"भेंडी चिरायला चार हजार लागतेत हे मला आजवर म्हाईत नव्हतं."

जिल्हा कचेरीत उभा जन्म गेलेला माणूस. कुठलाही कागद समोर आला की आधी नामंजूर करायचा आणि मग वाचायचा, अशी सवय. त्यामुळे मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. माझं लक्ष सुरीवर होतं.

आता सुरी कशाला आली ते सांगते. माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं सांगितलं, आजी, आता खाली बसायचं नाही. त्याला काय, तोंडातून एक वाक्य काढायचं होतं. माझी विळी सुटली. लग्न झाल्यापासून ज्या विळीवर मी बसले, ती माळ्यावर गेली. मग ओट्याशी उभं राहून चाकूनं चिरायला लागले, तर उजव्या अंगठ्याचा सांधा आधीच धरलेला. आमच्या घरातले चाकू म्हणजे रंगीत मुठीचे, बाजारातले, तीस रुपयांवाले. टमाट्यावर दाबलं तर टमाटा बसतो, चिरत नाही. जोर लावला की अंगठ्यातून कळ थेट कोपरापर्यंत.

मग हळूहळू काय झालं, मला खुर्ची आली. स्वैपाकघराच्या दारात खुर्ची, मांडीवर ताट, ताटात मेथी. "आई, तुम्ही नुसतं निवडून द्या." मेथी झाली की वाटाणे, वाटाणे झाले की लसूण. सगळं प्रेमानंच बरं का. पण ज्या बाईनं शंभर पानं उठवली, तिला निवडायच्या खात्यात बसवलं की काय वाटतं, ते ज्याचं त्यालाच माहीत. आज मेथी, उद्या नुसतं "आई, तुम्ही बसा", परवा भाजी कुठली करायची हेही कुणी विचारणार नाही. ही पायरी मी माझ्या सासूबाईंची बघितली होती. त्यांना त्या पायरीवर आणलं कुणी, तर मीच.

सुनेनं हे कधी ओळखलं कुणास ठाऊक. बँकेत जाते, सकाळी गडबडीत असते, पण डोळे आहेत पोरीला. न विचारता तिनं ही सुरी मागवली.

डबा असा की आत शालू असावा. कार्डावर लिहिलेलं, आजीवन वॉरंटी.

"कुणाच्या जीवनाची?" मी विचारलं.

"सुरीच्या, आई."

"म्हणजे मी गेल्यावर पण चालू राहील?"

"तू गेलीस की ते परत न्यायला येतेत," आमचे हे म्हणाले.

मग सुनेनं नियम वाचले. हाड तोडायचं नाही. नारळ फोडायचा नाही. कशाचंही झाकण उचकटायचं नाही. बेसिनमध्ये टाकून ठेवायची नाही. चिरून झालं की लगेच धुवायची, लगेच कोरडी पुसायची, कारण ही पक्क्या पोलादाची आहे, स्टीलच्या वाटीसारखी नाही, गंजते. आणि वॉरंटी फक्त पहिल्या मालकाला. दुसऱ्याच्या हाती गेली की संपली. माझ्या सासूबाईंनीसुद्धा मला एवढे नियम सांगितले नव्हते, आणि त्या काही कमी नव्हत्या.

"पहिला मालक कोण लिहू?" सुनेनं फोन हातात घेत विचारलं आणि माझंच नाव टाकलं. आता बघा, घर ह्यांच्या नावावर, गाडी लेकाच्या, प्लॉट दोघांच्या. माझ्या नावावर इतकी वर्षं फक्त गॅस होता. आता सुरी झाली.

पहिल्यांदा दोडका घेतला. सुरी नुसती टेकवली, दाबलीसुद्धा नाही, आणि चकती बाजूला पडली. मी अंगठ्याकडे बघितलं. अंगठा गप्प. दुसरी चकती, तिसरी. पाव किलो दोडका चिरून झाला, मग लागणार नव्हता तो कोबी चिरला, मग काकडी. आमचे हे म्हणाले, "पुरे की आता, घरात कायतरी शाबूत राहू दे."

लातूरच्या बहिणीला व्हिडिओ कॉल करून दाखवली. ती धाकटी, पण कायम थोरल्यासारखी बोलते.

"अक्का, किती म्हणालीस?" तिनं किंमत दोनदा विचारली. "आगं मी तीस-तीसच्या घेते बाजारात. मोडली की फेकली. चार हजारात माझ्या नातवंडांच्या लग्नापर्यंत सुऱ्या झाल्या!"

"तुझ्या सुरीला वॉरंटी हाय का?"

"तीस रुपयाला कशाला पाहिजे वॉरंटी? सुरी आणलीस का जावई?"

मी फोन ठेवला. पण खरं सांगते, जावयासारखीच वागवली मी तिला. चिरलं की धुतली, धुतली की पुसली, पुसली की डब्यात.

आणि मग आली खंडेनवमी.

आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या लोखंडाला सुट्टी. भाज्या आदल्या दिवशीच चिरून ठेवायच्या. विळी, कात्री, अडकित्ता, लेकाचा पाना, सगळं धुऊन घटापुढं मांडायचं, हळदी-कुंकू वाहायचं, आणि दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत हात लावायचा नाही. मनात म्हटलं, वर्षभर सगळ्यात जास्त माझ्या उपयोगाला कोण आलं? सुरी. मग तिला मधलं स्थान. आणि मधलं स्थान द्यायचं तर चकचकीत पाहिजे. देवाचं पितळ चिंच-मिठानं घासत होतेच, तिलाही घासली. चांगली दोन्ही अंगांनी. मग ओली हळद, ओलं कुंकू, वर झेंडूचं फूल, आणि घटाच्या ओल्या मातीशेजारी पाटावर टेकवली. नमस्कार केला. म्हटलं, माझा अंगठा सांभाळलास, असाच सांभाळ.

दसऱ्याला संध्याकाळी फूल उचललं तर खाली सुरी काळीनिळी. आणि त्या काळ्यावर तांबूस गंजाचे डाग, एक लांबडा डाग तर असा वळत गेलेला, जशी काय आपली गोदावरीच. मी पदरानं पुसलं. गोदावरी गेली नाही.

सूनबाई बघत राहिली. रागावली नाही, ते जास्त वाईट. "आई, चिंच लावलीत?"

"मीठ पण," मी म्हटलं.

"बाबांना सांगू नका," ती म्हणाली. "आधी वॉरंटीचं बघू."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बेडरूममध्ये दार लोटून बसलो आणि तिनं कंपनीला फोन लावला, आवाज मोठा करून. तिकडून एक पोरगी गोड हिंदीत बोलायला लागली. सुनेनं सगळं सांगितलं. पोरगी म्हणाली, "मॅडम, नाइफ किस चीज के संपर्क में आया था?"

सून अडखळली. मी फोनकडे वाकले. आपल्या नांदेडात हिंदी काय सगळ्यांनाच येती. "बेटा, हल्दी-कुंकू लगाया था."

"जी? ये कोई केमिकल है?"

"केमिकल कायको? पूजा करी मैं उसकी."

थोडा वेळ तिकडं नुसती बटणं दाबल्याचा आवाज. "मॅम, मेरे पास ऑप्शन हैं, गिर गया, डिशवॉशर में डाला, आग पे रखा. पूजा का ऑप्शन नहीं है."

"तो डाल दे ना नया."

"मॅम, नाइफ यूज किस काम में हो रहा था उस टाइम?"

"कुछ काम नहीं. छुट्टी पे था."

सुनेनं तोंडात पदर कोंबला. फोटो पाठवले. पोरीनं सांगितलं, निकाल येईपर्यंत सुरी वापरू नका. निकाल चार दिवसांनी आला आणि सुनेनं मला मराठीत करून सांगितला. गंज नीट काळजी न घेतल्यामुळे आलेला आहे. हा गैरवापर आहे. वॉरंटी लागू नाही.

"गैरवापर?" माझा आवाज चढला. "पूजेला गैरवापर म्हणतेत? त्यांच्या कारखान्यात खंडेनवमी करतेत का न्हाई?"

दारातून आवाज आला, "नामंजूर झालं वाटतं." आमचे हे कपबशी घेऊन उभे होते. पहिल्या फोनपासून त्यांना सगळं माहीत होतं. आमच्या घराच्या दारांना लोटण्याचा काही उपयोग नाही. "बरोबर हाय त्यांचं. मी असतो तरी फेटाळला असता. हळदी-कुंकू लावलं म्हणून स्वतःच कबूल केलंस की."

सुरी डब्यात, डबा कपाटात. मी खुर्चीत, मांडीवर मेथी.

त्या आठवड्यात भाजी सून चिरायची, बँकेच्या गडबडीत. तिच्यावर मी बोट ठेवणार नाही, पण भेंडीचे तुकडे असे, की एकात दोन माणसं जेवावीत. आमचे हे नुसते ते तुकडे ताटाच्या कडेला ओळीनं लावत गेले. पोलिस भरतीला उभी केल्यासारखी भेंडी. पाचव्या-सहाव्या दिवशी ताटाकडं बघतच त्यांनी सुनेला विचारलं, "ती सुरी चालतच न्हाई, का नुसती दिसायला खराब झाली?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. हा प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता. कंपनी नाही म्हणाली म्हणजे सुरी मेली, असंच धरून चाललो होतो.

सुनेनं मोबाइलवर बघून खाण्याचा सोडा लावून घासली. तांबूस गेलं, काळे डाग राहिले. मी भेंडी घेतली. टेकवली. चकती बाजूला पडली. अंगठा गप्प. त्या दिवशी भेंडी जरा जास्तच झाली.

आता मधले दोन-अडीच महिने सोडते आणि येळवशीवर येते. आमच्या लातूरकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं, आणि जेवणात मुख्य काय, तर भज्जी. जेवढ्या भाज्या त्या दिवसांत मिळतात, तेवढ्या सगळ्या तिच्यात. आदल्या दिवशी बहिणीच्या घरी चिरण्याचा कारखाना असतो. मी आणि आमचे हे एसटीनं गेलो, आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळून माझी सुरी.

खाली सतरंजीवर सुना-जावा विळ्या घेऊन बसलेल्या. मला टेबल. बहिणीलाही टेबल, कारण खाली तिलाही बसवत नाही, फक्त ती कबूल करत नाही. मी टॉवेल उघडला आणि ती हसायलाच लागली.

"अगं बाई, ही का ती चार हजाराची? हिला वांग आलाय का काय?" आणि दाजींकडं वळून, "वसूल झाले का दाजी पैसे?"

आमचे हे पेपर वाचत होते. "तलवारीनं भेंडी चिरता येत न्हाई," एवढंच म्हणाले. तिला काही कळलं नाही. मला कळलं.

तिनं स्वतःची तीसवाली काढली, गुलाबी मुठीची. गाजराचा ढीग घेतला. तिसऱ्या गाजराला पातं वाकलं. दुसरी काढली, हिरवी. ती भोपळ्यात शिरली ती शिरलीच, ओढली तर मूठ हातात आणि पातं भोपळ्यात. खाली एकच हशा. मी वर बघितलं नाही, माझी पालकाची जुडी चालू होती.

मी पाणी प्यायला उठले. आले तर माझ्या जागेवर बहीण, तिच्या हातात माझी सुरी, आणि गाजरं सरासर पडत चाललेली.

"अक्का, तू बस गं निवांत," ती म्हणाली. "तुझे गुडघे हायेत. तुरीच्या शेंगा सोल तेवढ्या." आणि शेंगांचं ताट माझ्याकडं सरकवलं.

नांदेडहून एसटीत हाडं खिळखिळी करून मी काय शेंगा सोलायला आले होते?

"ठेव ती खाली," मी म्हटलं. "तुझा हात लागला की वॉरंटी जाती."

"आं?"

"कार्डावर लिहिलंय. पहिल्या मालकानंच धरायची. दुसऱ्याच्या हाती गेली की आजीवन वॉरंटी खलास. आणि मालक मी हाय."

"काय बी सांगतीस होय? खरं का वो दाजी?"

सगळ्या बायका त्यांच्याकडं बघायला लागल्या. मी पण. निकाल काय लागला होता ते त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत. त्यांनी पेपर खाली घेतला, चष्मा काढून पुसला, आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "हाव. तसा नियम हाय. मी स्वतः वाचलाय."

बहिणीनं सुरी ठेवली. हातात दिली नाही, चिरायच्या फळीवर ठेवली. सुरी हातात द्यायची नसते, भांडण होतं म्हणतात. मी उचलली. तिनं शेंगांचं ताट आपल्याकडं ओढलं आणि सोलता सोलता पुटपुटली, "चार हजार देऊन वर कुणाला हात लावू देऊ न्हाई, कसली ती कंपनी."

कंपनीनं मला काही दिलं नाही. पण त्या वॉरंटीचे पैसे तिथं, त्या टेबलावर वसूल झाले. सुरीचे तर आधीच झाले होते. मी काळ्या डागाची बाजू बहिणीकडं केली आणि उरलेली गाजरं घेतली.